गोवळकोटचा धक्का, ओहोटीची वेळ आणि वाशिष्ठी: तुमच्या नदीवर तुम्ही कुठे बसता?

कुळीथपिठी | शनिवार, रात्री ९.५०

चिपळूणचं नाव काढलं की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात, परशुराम आणि पूर. मुंबई-गोवा हायवेवरून जाणारे परशुराम घाटात गाडी बाजूला घेतात, खाली दिसणाऱ्या वाशिष्ठीच्या वळणांचे फोटो काढतात, पावसाळा असेल तर सवतसड्याच्या धबधब्याखाली भिजतात आणि गुहागरला समुद्र बघायला पळतात. नदी बघायची ती वरूनच. आम्ही गावातले तरी कुठे वेगळे आहोत? रोज बाजारपुलावरून जातो, पण भाजीची पिशवी सांभाळण्याच्या नादात मान वळवत नाही.

ऑफिस सुटलं की घरी जायच्या आधी मी गोवळकोटच्या धक्क्यावर टेकते. तिथे 'पॉइंट' म्हणावं असं काही नाही. मागे गोविंदगडाची टेकडी, करंजेश्वरीचं देऊळ, समोर हिरवट पाणी, पलीकडे कांदळवन. एके काळी इथे गलबतं लागत. आता चार होड्या बांधलेल्या असतात आणि मगरी दाखवायला नेणारी एखादी बोट.

पण ओहोटीच्या शेवटाला जाऊन बसा. पाणी उतरत जातं तसा काठचा चिखल उघडा पडतो, राखाडी, चकचकीत. सुरुवातीला त्यावर काहीच नसतं. मग बारीक भोकं दिसायला लागतात आणि एकेका भोकातून नखाएवढा खेकडा बाहेर येतो. नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी असते, ती तो सारखी वर-खाली करतो, लांबून कुणाला हाक मारल्यासारखी. निवट्या, चिखलातले ते छोटे मासे, फुदकत जातात. एखादा तुतवार पक्षी शेपटी हलवत काठाकाठाने चालतो. आणि मग पाण्यावरून दाभोळकडे, म्हणजे समुद्राकडे, चाललेलं एखादं करंजाचं पान जागच्या जागी थांबतं. खाली जात नाही, वर येत नाही. थोडा वेळ तसंच. मग ते हळूच उलटं फिरतं आणि चिपळूणच्या दिशेने चालू लागतं. भरती लागली! एवढं बघून झालं की मी उठते. मी जाते ती या पानासाठीच, असं म्हटलं तरी चालेल.

तुम्ही कुठे बसता? सनसेट पॉइंट, बीच शॅक, 'रिव्हर टच' रिसॉर्ट नकोत. जिथे तुम्ही नेहमी जाता ती जागा सांगा. वाशिष्ठीच पाहिजे असं नाही, कोकणातली कुठलीही मोठी नदी चालेल.

फणसगरे | शनिवार, रात्री १०.०५

मस्त लिहिलंय. वाचनखूण साठवली. फोटो कुठेत?

पुण्यातलाकोकणी | शनिवार, रात्री १०.४०

लेखन आवडलं, पण 'मोठी नदी' वाचून हसू आलं, राग मानू नका. गोदावरी १४६५ किलोमीटर वाहते. आपल्या कोकणातल्या बहुतेक नद्या सह्याद्रीच्या कड्यावरून निघतात आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत समुद्राला मिळून मोकळ्या होतात. वाशिष्ठी तर तेवढीही नाही. पुण्यातल्या मित्रांना मोठी नदी दाखवतो म्हणून नेलं आणि नेमका एप्रिल असला तर गुडघाभर पाणी!

नाखवाकाका | रविवार, सकाळी ६.३०

पुणेकर, एप्रिलमध्ये गुडघाभर पाणी दुसऱ्या नद्यांना असेल. वाशिष्ठीला नसतं, त्याचं कारण कुणीतरी सांगेलच. आणि लांबीवर मोजता कशाला? दाभोळला या, धोपाव्याच्या फेरीबोटीत गाडीसकट चढा आणि मध्यावर गेल्यावर दोन्ही काठ बघा. एका अंगाला दाभोळ, एके काळचं बहमनी आणि आदिलशाही अमलातलं नावाजलेलं बंदर. दुसऱ्या अंगाला अंजनवेलचा गोपाळगड. पावसाळ्यात तिथे पाण्याचा रंग दोन तऱ्हेचा दिसतो, वरून आलेलं तांबडं आणि बाहेरचं हिरवं. मग सांगा नदी मोठी का छोटी.

कुळीथपिठी ताई, तुम्ही पानाचं लिहिलंत ते वाचून बरं वाटलं. आमची उमेद त्या पानावर गेली. रेल्वे नव्हती तेव्हा मुंबईची आगबोट दाभोळला लागायची आणि तिथून लाँच भरती धरून वर गोवळकोटला यायची. पडावाला तर भरतीशिवाय गत्यंतरच नसे. भरती चुकली की मधेच नांगर टाकून सहा तास बसा. त्या सहा तासांत माणूस नदी बघायला शिकायचा, दुसरं करणार काय?

तुमच्यासारख्यांसाठी हिशेब सांगतो. तिथीची पाऊणपट करा, येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला भरती. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. भरतीनंतर सव्वासहा तास धरले की ओहोटीचा शेवट. हा झाला दाभोळच्या तोंडाचा हिशेब. पाणी वर गोवळकोटपर्यंत यायचं म्हणजे आम्ही आणखी दोनेक तास धरायचो. मोबाइलवर कोष्टकं मिळतात म्हणे, ती बंदरांची असतात. तुमच्या धक्क्याची नसतात.

आणि पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी, अष्टमीला भांग, म्हणजे लहान. उधाणाला चिखल जास्त उघडा पडतो, तुमचे खेकडे जास्त दिसतील.

कुळीथपिठी | रविवार, सकाळी ८.१५

काका, साष्टांग! म्हणजे संध्याकाळी सहाच्या सुमाराला गोवळकोटला पाणी फिरायला हवं असेल तर दाभोळला चारला ओहोटी, म्हणजे पावणेदहाला भरती, म्हणजे... त्रयोदशी! आता कळलं की काही आठवड्यांत पान दिसतं आणि काही आठवड्यांत नुसताच भरलेला काठ का असतो. मी त्याचा संबंध ऑफिस लवकर-उशिरा सुटण्याशी लावत होते.

फणसगरे, फोटो मुद्दाम टाकले नाहीत. चिखलाचा फोटो चिखलासारखाच येतो.

पोफळी_कॉलनी | रविवार, सकाळी ११.२०

नाखवाकाकांनी चेंडू टोलवलाय तर घेतो. माझं बालपण कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत गेलं. वडील पॉवर हाउसला शिफ्टला जायचे.

कोयना ही कृष्णेची उपनदी. तिने पूर्वेला जायचं आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला मिळायचं, असं सह्याद्रीने ठरवलेलं. धरण बांधून आपण ते मोडलं. शिवसागरचं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला आणलं, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात चाकांवर सोडलं, तिथून ते कोळकेवाडीच्या धरणात साठतं, त्याच्यावर पुन्हा एकदा वीज होते आणि मग ते अवजल वाशिष्ठीत सोडलं जातं. चारही टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं वीजगृह मिळून क्षमता १९६० मेगावॉट. कृष्णा लवादाने पश्चिमेला वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी पाण्याची मर्यादा घालून दिली आहे. म्हणजे भर मे महिन्यात तुम्ही चिपळूणला नदीकाठी बसता तेव्हा समोरून जाणारं गोडं पाणी बहुतेक साताऱ्याकडचं असतं.

त्यामुळे आमच्या लहानपणी नदीला भरती-ओहोटीशिवाय आणखी एक घड्याळ होतं. कोयना चालते ती मुख्यतः विजेची मागणी वाढते तेव्हा. संध्याकाळी राज्यभर दिवे लागले, मशीन चालू झाली की काही वेळाने खाली नदीचं पाणी चढायला लागायचं. दुपारी ज्या खडकावर आम्ही कपडे ठेवून डुंबायचो तो खडक दिवेलागणीला पाण्याखाली. आई सांगायची, "सायरन ऐकला की बाहेर या." पाणी उन्हाळ्यातही इतकं गार की दात वाजायचे. पुढे १९९९ मध्ये चौथ्या टप्प्याचं लेक टॅपिंग झालं तेव्हा सगळी वसाहत त्याचीच चर्चा करत होती. जलाशय रिकामा न करता तळातून भोक पाडायचं, ही कल्पनाच आम्हा पोरांना अचाट वाटायची.

आणि वीजनिर्मिती थांबवली की चिपळूणकर आणि एमआयडीसीवाले दोघेही ओरडतात, कारण पिण्याचं आणि कारखान्याचं पाणी याच नदीतून उचललं जातं. नदीकाठचं सौंदर्य वगैरे ठीक आहे, पण तिचा नळ कुठे आहे तेही माहीत असलेलं बरं.

पुण्यातलाकोकणी | रविवार, दुपारी १.००

हे माहीत नव्हतं. गुडघाभर पाण्याचं विधान वाशिष्ठीपुरतं मागे. बाकीच्या नद्यांबद्दल ठाम आहे.

चिंचनाका | रविवार, दुपारी ३.४५

सगळं वाचलं. शांत, संथ, पान, खेकडे. छान.

२२ जुलै २०२१ ला आमच्या दुकानात माळ्यापर्यंत पाणी होतं. माळ्यावर मी, बायको, म्हातारी आई. खाली फ्रीज तरंगत होता आणि दर थोड्या वेळाने जिन्याला आपटत होता. तो आवाज मला अजून येतो. नंतर कापडाचे तागे पिळून वाळत घातले, एकही विकायच्या लायकीचा राहिला नव्हता. गावातलं १८६४ सालचं वाचनालय, लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, त्याची पुस्तकं २००५ ला भिजली, परत उभी केली, २०२१ ला परत भिजली. बहादूरशेख नाक्याजवळचा जुना पूल खचला. त्यानंतर गाळ काढा म्हणून गावाने उपोषणं केली, नदीत यंत्रं उतरली, गाळाचे डोंगर झाले. आता नकाशावर पूररेषा, निळी रेषा, लाल रेषा. आमचं घर निळ्या रेषेच्या आत, म्हणजे दुरुस्तीला हात लावायचा तरी विचारा.

वाशिष्ठी शांत आहे म्हणता. अजून आषाढ लागायचाय, म्हणून शांत आहे.

फणसगरे | रविवार, दुपारी ४.१०

चिंचनाका, मान्य. पण धागा वेगळ्या विषयावर आहे ना?

कुळीथपिठी | रविवार, संध्याकाळी ५.३०

नाही फणसगरे, विषय तोच आहे. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्येही तेव्हा दोन मगरी होत्या असं शेजारचे शपथेवर सांगतात. (दोन होत्या की एकच दोनदा दिसली, यावर सोसायटीत आजही दोन तट आहेत.) चिंचनाका, तुम्ही लिहा. पुराचं गाव असून नदीकाठी बसायला जाणं हे मला स्वतःला कधी कधी विचित्र वाटतं, पण घरात बसून ती कमी होणार नाही.

नाखवाकाका | रविवार, संध्याकाळी ७.००

चिंचनाका, त्या दिवसाची तिथी सांगतो. आषाढी एकादशी २० जुलैला झाली होती. २२ ला त्रयोदशी. तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे रात्रभर डोंगरात ढग फुटल्यासारखा पाऊस, आणि सकाळी पावणेदहाला दाभोळला भरती, तीही उधाणाची. वरचं पाणी खाली उतरायला बघतंय, खालचं वर चढतंय. चिपळूण त्या दोघांच्या मधे. कोयनेचं पाणी किती, गाळ किती, भराव किती यावर हुशार माणसं भांडत आहेत, भांडू देत. पण त्रयोदशी ते प्रतिपदा आणि वर मुसळधार पाऊस, असं जुळलं की आमचे वडील होडी वर ओढून ठेवायचे आणि घरातलं धान्य माळ्यावर चढवायचे. कुणाच्या सांगण्याची वाट बघत नसत.

चिंचनाका | रविवार, रात्री ९.२०

काका, हे शाळेत शिकवायला पाहिजे होतं. तुम्ही म्हणता ती तीच त्रयोदशी, जिला ताईंचं पान फिरतं.

मीही जातो नदीवर, नाही असं नाही. पावसाळ्यात रोज रात्री जातो. पुलाच्या खांबावर पाणी कुठवर आलंय ते बॅटरी मारून बघतो आणि परत येतो. माझ्यासारखे दहा-बारा जण असतात तिथे. कुणी कुणाशी फार बोलत नाही. "किती?" "कालच्यापेक्षा हातभर खाली." एवढंच. त्यालाही नदीकाठी बसणंच म्हणा हवं तर.

मालवणी_माज | रविवार, रात्री १०.३०

काय रे, आमच्या कर्लीक कोण इचारीतच नाय? देवबागाक येवा. एका हाताक खाडी, दुसऱ्या हाताक दर्या, मधी माडांची चिंचोळी पट्टी. टोकाक संगम. पण मे म्हयन्यात नी नाताळात येव नकात, वॉटर स्पोर्टवाल्यांच्या इंजिनांचो आवाज इतको की बाजूक बसलेलो काय बोलता ता आयकाक येणा नाय.

माका इचारशात तर वालावलाक जावा. लक्ष्मीनारायणाचा देऊळ, बाजूक तळी, आनी थोडा फुडे गेलात काय कर्लीची खाडी. सकाळी एखादो पाग टाकणारो दिसता. कमरेभर पाण्यात उभो, दातांत पागाची कड धरलेली. हात फिरवल्यान की पाग हवेत गोल उघडता आनी सगळी शिशां एकदमच पाण्यार पडतत. येक जरी आधी पडला तरी मासो पळता. ता बघूक मी तासभर बसतंय. त्येका मासो गावलो तर इकत घेतंय, नाय गावलो तर फुकट बघलंय.

शास्त्रीपूल | सोमवार, सकाळी ९.००

आमची शास्त्री. संगमेश्वराजवळ कसब्याला कर्णेश्वराचं देऊळ बघायला सगळे येतात, संभाजीमहाराजांना १६८९ मध्ये इथेच पकडलं म्हणून स्मारकाला नमस्कार करतात. पण संगमावर पाय सोडून बसणारा एखादाच. खाली फुणगूसच्या खाडीकडे गेलात तर नदी एकदम रुंद होते. राई-भातगावच्या पुलावर उभं राहून बघा. सावली मात्र शून्य, टोपी न्या.

दादली | सोमवार, सकाळी ९.४०

महाड, सावित्री. आमचा अड्डा दादली पूल. थंडीत सकाळी कठड्याला रेलून उभे राहिलं की खाली मगरी ऊन खाताना दिसतात, शाळेची पोरं बोटांवर मोजत असतात. चिंचनाकांचं वाचून सांगावंसं वाटलं: २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री याच नदीवरचा हायवेचा जुना पूल वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्या गेल्या. नवा पूल पुढच्या जूनपर्यंत उभा राहिला, चांगला रुंद. पण पावसाळ्यात त्याच्यावरून जाताना आजही गाडीतली बोलणी थांबतात.

खाली बाणकोटकडे उतरलात तर बागमांडला-वेसवी फेरीबोट घ्या. पलीकडे बाणकोटचा किल्ला, आणि वेळास, कासवांचं. तिथली सावित्री बघून ती महाडची आहे असं वाटत नाही.

बटाटावडा_डोंबिवली | सोमवार, दुपारी १२.१५

मगरींचा विषय निघालाच आहे तर विचारते. डिसेंबरात मुलांना घेऊन चिपळूणला येतोय, वय ८ आणि ११. बोटीतून मगरी दाखवतात म्हणे. सुरक्षित आहे का? खरंच दिसतात की 'काल दिसली होती' म्हणून पैसे घेतात?

पोफळी_कॉलनी | सोमवार, दुपारी १.०५

दिसतात. मालदोली, गोवळकोट बाजूने बोटी मिळतात. मगरीला अंग तापवायला ऊन लागतं, म्हणून थंडीत सकाळी नऊ-दहानंतर त्या चिखलावर येऊन पडतात. जबडा उघडा ठेवून पडलेली दिसली तर ती चिडलेली नसते, उष्णता बाहेर टाकत असते. मुलांना हे आधी सांगा म्हणजे किंचाळणार नाहीत. पावसाळ्यात मात्र त्यांचा नेम नाही. २०२४ मध्ये भर रस्त्यातून चाललेल्या मगरीचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल, तो चिपळूणचाच.

लाइफ जॅकेट मागून घ्या, बोटीच्या कडेला हात पाण्यात घालू देऊ नका, काठावर उतरून सेल्फी नको. आणि बोटवाला कोंबडीची आतडी टाकून मगर जवळ बोलावतो म्हणाला तर नको सांगा. माणूस दिसला की खायला मिळतं हे मगरीने शिकणं कुणाच्याच सोयीचं नाही. उद्या त्याच काठावर कुणीतरी भांडी घासायला येणार आहे.

नाखवाकाका | सोमवार, दुपारी २.४०

ताई, पंचांगात चतुर्थी-पंचमी बघून या. पंचमीची पाऊणपट पावणेचार, म्हणजे दहाच्या सुमारास दाभोळला ओहोटी, मालदोलीला त्याच्या थोडं नंतर. ऊनही तेव्हाच चढलेलं असतं. चिखल उघडा आणि ऊन, दोन्ही एका वेळी मिळालं की मगर मिळाली. पौर्णिमेला सकाळी आलात तर काठ भरलेला, नुसती पाण्यावरची दोन नाकपुडं बघून जाल.

बटाटावडा_डोंबिवली | सोमवार, दुपारी ३.००

काका, मी कालनिर्णय काढून बसलेय! नवरा विचारतोय कसला मुहूर्त बघतेस.

खाडीचापोर | सोमवार, रात्री ११.१५

बरेच दिवस नुसता वाचतो, आज लिहितो. आम्ही भोई, घर खाडीलाच लागून. वर सगळ्यांनी खाडी बघितली, मी खाडीत काय मिळतं ते लिहितो.

आजा सांगायचा, जेवणाचं पाणी चुलीवर ठेवून पाग घेऊन जायचं, पाणी उकळेपर्यंत कालवणापुरतं घेऊन यायचं. बोय, शेंगटी, तांबोशी, खडकाला कालवं, कांदळात चिंबोऱ्या. मी लहान होतो तेव्हा त्यातलं निम्मं होतं. आता एखाद्या सकाळी पाण्याला रंग येतो, वास येतो, आणि मासे पोट वर करून काठाला लागतात. पाणी कुठून येतं ते सगळ्यांना माहीत आहे, अर्ज-निवेदनांची फाइल माझ्या काकांकडे आहे, जाड आहे. सक्शन पंपाने वाळू काढतात तेव्हा काठ ढासळतो, माड कलंडतात. हातपाटीने वाळू काढणाऱ्याला निदान कमरेइतकी तरी जाण होती.

पण एक रात्र अजून तशीच आहे. मिरगाचा पहिला मोठा पाऊस पडला, ओढे फुगले की चढणीचे मासे निघतात. खालून वर, प्रवाहाच्या उलट, शेतांच्या बांधांवरून उड्या मारत. सगळा गाव कंदील, बॅटऱ्या, टोपल्या घेऊन बाहेर. म्हाताऱ्या बायासुद्धा साडी खोचून पाण्यात. गेल्या मिरगाला माझी मुलगी पहिल्यांदा आली. तिने हाताने मासा धरला, तो सुटला, परत धरला, परत सुटला. अंडी घालायला चाललेत, सगळे धरायचे नसतात, असं आजा मला सांगायचा, तेच मी तिला सांगितलं. तिने विचारलं, "मग किती धरायचे?" आज्याला मी हे कधी विचारलं नव्हतं. टोपलीचा तळ झाकला की बस, असं ठोकून दिलं.

कुळीथपिठी | मंगळवार, सकाळी ७.५०

खाडीचापोर, हे स्वतंत्र धागा म्हणून लिहा, खरंच. इथे दडून जाईल.

आणि ती फाइल. स्कॅन करून ठेवा. काकांकडे एकच प्रत असेल आणि घर खाडीला लागून असेल तर पुढचा पूर तीच आधी नेईल.

खाडीचापोर | मंगळवार, सकाळी ८.३०

माळ्यावर ठेवलीय, प्लास्टिकात. स्कॅनचं बघतो. बाजारात कुठे करून मिळेल?

चिंचनाका | मंगळवार, सकाळी ९.०५

माझ्या दुकानात स्कॅनर आहे. तागे गेले तेव्हापासून कापडाबरोबर झेरॉक्सही करतो. घेऊन या, पैसे नकोत. दुपारी दोन ते चार बंद असतं.

पुण्यातलाकोकणी | मंगळवार, सकाळी १०.२०

पुढच्या त्रयोदशीला चिपळुणात आहे. कुळीथपिठी ताई, धक्क्यावर सहाला येतो, पान दाखवा. चहा मिळतो का तिथे?

कुळीथपिठी | मंगळवार, सकाळी १०.४५

मिळत नाही. थर्मास आणा, आणि सहा नको, साडेपाचला या. काकांनी दोनेक तास म्हटलंय, 'नक्की दोन' म्हटलेलं नाही.